पुरवणी आणि परवानगी



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, संतवाङ्मय आणि शिक्षण या विषयांवर विद्वानांनी विवेचन केले आहे. त्या परंपरेत ‘ब्राउझरमधील ॲड-ऑन’ हा विषय मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु हा विषय मला वाचनाचाच वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांचे सकाळचे वर्तमानपत्र, बँकेचे खातेपुस्तक, निवृत्तिवेतनाचा अर्ज आणि परदेशी राहणाऱ्या मुलांची पत्रे आज एकाच खिडकीतून दिसतात. त्या खिडकीला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही तिचीच निरनिराळी नावे होत. या खिडकीतून वाचताना वाचकाला कोणती साहाय्ये उपलब्ध आहेत आणि ती स्वीकारताना त्याने कोणते भान ठेवावे, एवढाच आजच्या विवेचनाचा आवाका आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘ॲड-ऑन’ किंवा ‘एक्सटेन्शन’ याला ‘विस्तारक’ असा एक प्रतिशब्द सुचवला जातो. तो चुकीचा नाही; पण मला ‘पुरवणी’ हा आपल्या घरातला शब्द अधिक समर्पक वाटतो. परीक्षेत उत्तरपत्रिका अपुरी पडली की विद्यार्थी पुरवणी मागून घेतो आणि दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेस बांधतो. ब्राउझरची पुरवणीही अशीच असते. ती स्वतंत्र वस्तू नव्हे. मूळ ब्राउझरला जोडलेला तो एक लहानसा कार्यक्रम असतो, आणि आपल्याला हवा असेल तरच आपण तो मागून घेतो.

पृष्ठाची घडण

पुरवणी काय करते हे समजण्यासाठी संकेतस्थळाचे पृष्ठ कसे तयार होते हे पाहावे लागेल. छापील पुस्तकाचे पान मुद्रणालयातच पूर्ण होते. अक्षराचा आकार, समास, चित्राची जागा हे सारे तेथे ठरते आणि वाचकाच्या हाती येते ते सिद्ध पान. संकेतस्थळाचे पान मात्र सिद्ध स्वरूपात येत नाही. येतो तो मजकूर, चित्रे कोठून आणावीत याचे पत्ते आणि मांडणीच्या सूचना. त्या सूचना वाचून पान जुळवण्याचे काम वाचकाच्या यंत्रातील ब्राउझर करतो. थोडक्यात, येथे खिळे जुळवणारा आपल्याच घरी बसलेला आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पान आपल्याकडे जुळत असल्यामुळे जुळणीत बदल करणेही आपल्या हाती आहे. अक्षर मोठे करता येते, जाहिरात गाळता येते, एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच्याशेजारी आणून ठेवता येतो. पुरवणी हे त्या बदलाचे साधन होय. आपल्या जुन्या पोथ्यांच्या समासात अभ्यासक टिपा लिहीत, पाठभेद नोंदवीत. मूळ संहिता तशीच राही, आणि त्या प्रतीपुरते वाचन सुकर होई. पुरवणीने केलेला बदलही आपल्या प्रतीपुरताच असतो. मूळ संकेतस्थळ जसेच्या तसे राहते.

इतिहास थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर १९९० साली लिहिला आणि १९९३ मध्ये सर्न या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि कोणाही कुशल व्यक्तीने पुरवणी लिहावी व कोणाही वाचकाने ती जोडावी ही प्रथा तिच्यामुळे रूढ झाली. क्रोममध्ये ही सोय २०१० च्या आरंभी आली. आज क्रोम, एज आणि फायरफॉक्स यांच्या पुरवण्या बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने लिहिल्या जातात.

उपयुक्त पुरवण्या

पुरवण्यांची संख्या अफाट आहे. म्हणून नावांची जंत्री न देता वाचकाच्या गरजांनुसार त्यांचा परिचय करून देतो.

पहिली गरज गोंगाट कमी करण्याची. एखादी बातमी उघडावी तर मध्येच चलच्चित्र सुरू होते, खालून पट्टी सरकत वर येते आणि बातमीचा धागा सुटतो. जाहिरात गाळणाऱ्या पुरवण्यांत रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सिद्ध केलेली ‘यूब्लॉक ओरिजिन’ ही विशेष मान्यता पावलेली आहे. तिचे कार्य समजण्यास सोपे आहे. जाहिराती व वाचकाचा माग काढणारे कार्यक्रम ज्या पत्त्यांवरून येतात त्यांच्या याद्या स्वयंसेवक अद्ययावत ठेवतात. पान जुळवताना ब्राउझर अशा पत्त्याकडे मागणी करू लागला की पुरवणी ती मागणीच अडवते. त्यामुळे जाहिरात नुसती झाकली जात नाही. ती मागवलीच जात नाही. पान लवकर उघडते, डेटा कमी खर्च होतो, आणि ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशा भीती घालणाऱ्या लबाड जाहिरातींपासूनही बरेच संरक्षण मिळते. वयस्कर वाचकाच्या दृष्टीने हा शेवटचा लाभ मी सर्वांत मोठा मानतो.

येथे एक नैतिक प्रश्नही आहे. वर्तमानपत्रांचा निर्वाह जाहिरातींवर चालतो. जे पत्र आपण आवडीने वाचतो आणि ज्याच्या जाहिराती सभ्य आहेत, त्या संकेतस्थळापुरती ही पुरवणी बंद ठेवता येते. त्यासाठी तिच्या चिन्हावर टिचकी मारून तेथील मोठे बटण दाबावे लागते. मी स्वतः हा मार्ग श्रेयस्कर समजतो.

दुसरी गरज डोळ्यांची. अर्क-९० या संस्थेने २००९ मध्ये ‘रीडेबिलिटी’ नावाचे एक साधन काढले. ते पानावरील अवांतर मजकूर दूर करून मूळ लेख तेवढा स्वच्छ मांडणीत दाखवी. ही कल्पना इतकी पटली की पुढच्याच वर्षी सफारीने ती ब्राउझरमध्येच समाविष्ट केली. आज फायरफॉक्स, एज आणि क्रोम यांतही अशी वाचन-सोय आहे. तीत अक्षराचा आकार, ओळींतील अंतर आणि पार्श्वभूमीचा रंग आपल्या इच्छेप्रमाणे ठेवता येतो. एजमध्ये लेख मोठ्याने वाचून दाखवण्याची व्यवस्था असून तीत मराठी आवाजही आहेत. ज्यांना शुभ्र पडद्याचा त्रास होतो त्यांना ‘डार्क रीडर’ ही पुरवणी पान गडद करून देते.

तिसरी गरज आपल्या भाषेची, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मध्येच स्थान मिळाले. पण मराठी वर्तमानपत्रे ती स्वीकारीपर्यंत बरीच वर्षे लोटली. मधल्या काळात अनेक पत्रांच्या संकेतस्थळांचा स्वतःचा वेगळा फाँट असे. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. ज्याच्या यंत्रात तो फाँट नसेल त्याला मराठी अग्रलेखाऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसे. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच.

या अडचणीवर उपाय एका पुरवणीने केला. ‘पद्मा’ या नावाची फायरफॉक्सची पुरवणी असे खासगी फाँट ओळखून त्यातील मजकुराचे युनिकोडमध्ये जागच्या जागी रूपांतर करीत असे. तेलुगू, तमिळ, मलयाळम यांच्याबरोबर देवनागरीलाही तिचा लाभ झाला. वर्तमानपत्राने आपले संकेतस्थळ सुधारेपर्यंत वाचकाने थांबून राहावे, असे आता उरले नाही. वाचकाच्या बाजूने काम करणाऱ्या एका पुरवणीने पान वाचनीय केले. पुढे पत्रे युनिकोडकडे वळली, तिची गरज सरली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने जुन्या पद्धतीच्या पुरवण्यांचा आधार काढून घेतला. पुरवण्यांचे मूल्य मला या एका उदाहरणात सर्वांत स्पष्ट दिसते. ज्यांच्या भाषेचा बाजार लहान, त्यांना मोठ्या संस्थांच्या सवडीची वाट न पाहता स्वतःची सोय करून घेण्याची मुभा येथे मिळाली.

आज मराठीच्या गरजा निराळ्या आहेत. फायरफॉक्ससाठी मराठी शुद्धलेखन तपासणारा शब्दसंग्रह पुरवणीच्या रूपाने मिळतो. लिहिताना संशयास्पद शब्दाखाली लाल रेघ उमटते. सामासिक शब्द आणि प्रत्यय लागून सिद्ध झालेली रूपे त्याला नेहमीच उमगतात असे नाही, म्हणून लाल रेघ ही पंतोजींची छडी न मानता स्नेह्याची शंका मानावी. भाषांतराच्या पुरवण्यांनी परकीय भाषेतील पान मराठीत उमगते, पण त्याचा उपयोग आशय समजण्यापुरता करावा. शासकीय आदेश, करारपत्र वा औषधाची मात्रा यांबाबत यांत्रिक भाषांतरावर विसंबू नये.

चौथी गरज अभ्यासकाची. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये ‘झोटेरो’चा जन्म फायरफॉक्सची पुरवणी म्हणून झाला. आज तो स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि त्याची पुरवणी ब्राउझरमध्ये राहून पुस्तकाचे वा लेखाचे नाव, कर्ता, प्रकाशन-वर्ष ही माहिती एका टिचकीत टिपून घेते. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे अनेक तास यामुळे वाचतात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती जतन करीत आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’ या संग्रहाची पुरवणी जोडल्यास नष्ट झालेल्या पानाची जुनी प्रत दाखवली जाते, तसेच समोरचे पान संग्रहात जतन करण्याची विनंतीही करता येते.

पाचवी गरज कुलपांची. प्रत्येक ठिकाणी निराळा आणि कठीण संकेतशब्द ठेवावा असा उपदेश सर्वजण करतात, पण तो पाळणे मानवी स्मृतीच्या आवाक्याबाहेरचे आहे. ‘बिटवॉर्डन’सारखी पुरवणी हे काम करते. तिचा दुसरा गुण कमी लोकांना ठाऊक असतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करून कोणी जाळे पसरले, तर डोळा फसतो. पुरवणी मात्र पानाचे रूप पाहत नाही, पत्ता ताडते. पत्ता वेगळा असेल तर ती संकेतशब्द आपण होऊन पुढे करीत नाही. ती गप्प राहिली तर आपणही थांबून पत्ता निरखून पाहावा.

परवानगीचा अर्थ

येथवर सोयींचे वर्णन झाले. आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुरवणी जोडताना ब्राउझर एक सूचना दाखवतो. तिचा आशय असा असतो : ही पुरवणी सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचू शकेल आणि बदलू शकेल. बहुतेक वाचक ती न वाचता मान्य करतात. ही भाषा कायदेशीर औपचारिकतेची नाही. ती अक्षरशः खरी आहे. पानातील जाहिरात गाळायची तर पान वाचावे लागते, शब्दाचा अर्थ दाखवायचा तर तो शब्द पाहावा लागतो. सोय आणि शक्ती यांचे मूळ एकच आहे. जी पुरवणी बातमीचे पान वाचते, तिला सर्व स्थळांची परवानगी असेल तर ती बँकेचे पानही वाचू शकते.

यातील धोका कसा उद्भवतो हे दोन घटनांवरून स्पष्ट होईल. ‘द ग्रेट सस्पेंडर’ ही क्रोमची पुरवणी वापरात नसलेल्या टॅब निद्रिस्त करून संगणकाची स्मृती वाचवीत असे. तिचे वीस लाखांहून अधिक वापरकर्ते होते आणि तिचा लौकिक चांगला होता. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ती अज्ञात पक्षाला विकली. पुरवण्या आपोआप अद्ययावत होत असल्याने नव्या मालकाने घातलेला मजकूर वापरकर्त्यांच्या नकळत त्यांच्या यंत्रांत पोहोचला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ती घातक ठरवून काढून टाकली. वाचकांनी परवानगी दिली होती एकाला, आणि ती वापरली दुसऱ्याने.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ ची. सायबरहेवन या माहिती-सुरक्षेच्याच क्षेत्रातील कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला, तुमची पुरवणी काढून टाकली जाणार आहे अशी बतावणी करणारे पत्र आले. त्यातील दुव्यावरून त्याने एका परक्या कार्यक्रमाला परवानगी दिली. तेवढ्यावर नाताळच्या सुमारास त्या पुरवणीची दूषित आवृत्ती प्रसृत झाली, आणि ती सुमारे एका दिवसात काढून टाकली गेली. याच मोहिमेत इतरही अनेक पुरवण्या बाधित झाल्याचे पुढे उघड झाले. येथे तज्ज्ञही न वाचलेल्या परवानगीनेच फसला, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

परवानगी कमी करून धोका कमी करावा, असा एक प्रयत्न ब्राउझर-निर्मात्यांनीही केला आहे. क्रोमने लागू केलेल्या ‘मॅनिफेस्ट व्ही-३’ या नव्या नियमावलीत पुरवणीला प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवता येत नाही. तिने अडवायच्या पत्त्यांची यादी आधीच ब्राउझरच्या स्वाधीन करायची असते. त्यामुळे मूळ ‘यूब्लॉक ओरिजिन’ २०२५ पासून क्रोममध्ये चालत नाही. तेथे तिची ‘लाइट’ ही मर्यादित आवृत्ती चालते. फायरफॉक्समध्ये मूळ पुरवणी चालू आहे. नियमावलीच्या समर्थकांच्या मते वाचक अधिक सुरक्षित झाला. टीकाकारांच्या मते जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने वाचकाचे साधन बोथट केले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पुरवणीचा अधिकार घटला की तिची उपयुक्तताही घटते. म्हणून कोणाला किती अधिकार द्यावा हा विवेक शेवटी वाचकालाच करावा लागतो.

काही व्यावहारिक नियम

हा विवेक आचरणात कसा आणावा, यासाठी काही सूचना करतो.

एक : पुरवणी शोधण्यापूर्वी ती सोय ब्राउझरमध्येच आहे काय ते पाहावे. सुरक्षित जोडणीचा आग्रह धरणारी ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ ही पुरवणी २०१० मध्ये निघाली आणि ब्राउझरांनीच ते काम स्वीकारल्यावर जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाली. काम संपले की पुरवणीने निवृत्त व्हावे, हा उत्तम आदर्श होय.

दोन : पुरवणी ब्राउझरच्या अधिकृत दालनातूनच घ्यावी. फायरफॉक्सच्या दालनात ‘शिफारस केलेली’ असे चिन्ह असलेल्या पुरवण्या मोझिलाच्या तज्ज्ञांनी तपासलेल्या असतात. नावे सारखी भासवणाऱ्या नकलाही असतात. कर्त्याचे नाव पाहावे.

तीन : पुरवण्या थोड्याच ठेवाव्यात. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडे कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह असते. तेथे आपल्या सर्व पुरवण्या दिसतात. महिन्यातून एकदा ती यादी पाहून नको ते काढून टाकावे. तेथेच एखाद्या पुरवणीला सर्व स्थळांऐवजी ठरावीक स्थळांपुरती, किंवा टिचकी मारल्यावरच, परवानगी देता येते.

चार : बँकेचे व्यवहार ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावेत. आपण मुद्दाम मुभा दिली नसेल तर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पुरवण्या या खिडकीत चालत नाहीत.

पाच : जुन्या पुरवणीने एकाएकी नवी परवानगी मागितली तर ती सवयीने देऊ नये. मालक बदलला असण्याचा संभव असतो.

सहा : महत्त्वाचा संग्रह पुरवणीच्या भरवशावर ठेवू नये. लेख नंतर वाचण्यासाठी जपून ठेवणारी ‘पॉकेट’ ही सेवा २००७ पासून लोकप्रिय होती. जुलै २०२५ मध्ये ती बंद झाली. हवे ते लेख स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावेत.

फोनवर वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये पुरवण्या जोडता येत नाहीत. तेथे फायरफॉक्स वापरावा. आयफोनवर सफारीला २०२१ पासून ही सोय आहे.

समारोप

आपल्या या बडोद्यात वाचकाच्या सोयीचा विचार शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी झाला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. त्याचबरोबर ग्रंथपालांच्या शिक्षणाचीही व्यवस्था केली. वाचक आणि ग्रंथ यांच्यामध्ये जो उभा राहतो त्याने जाणता आणि विश्वासू असावे, ही दृष्टी त्यामागे होती. कोण काय वाचतो हे ग्रंथपालास दिसतेच. त्या माहितीचा तो व्यापार करीत नाही म्हणून आपण निःशंकपणे पुस्तक मागतो.

ब्राउझरची पुरवणी आज त्याच जागी उभी आहे. तिच्यावाचून वाचन अडेल असे नाही, पण तिच्यामुळे ते पुष्कळ सुखकर होते, हे पद्माच्या उदाहरणाने आपण पाहिले. तिची नेमणूक मात्र आपणच करतो. कोणतीही निवड-समिती आपल्या वतीने मुलाखत घेत नाही. पुढच्या वेळी परवानगीची ती लहानशी चौकट समोर आली की क्षणभर थांबून ती संपूर्ण वाचावी, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या यंत्रांतील पुरवण्यांची यादी एकदा त्यांच्याशेजारी बसून तपासावी, एवढी विनंती मी येथील माजी विद्यार्थ्यांना करतो.